धाकटीच्या जागी थोरली

सरकारी दवाखान्याचा नियम सोपा होता. पेशंट समोर बसल्याशिवाय गोळ्या मिळणार नाहीत. हा नियम करणाऱ्याच्या घरात कुणी पेशंट नसावा. थोरलीची धाकटी बहीण गोळ्यांवर माणसात असायची, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. गोळ्या चुकल्या की तिच्याशी नळातून माणसं बोलायची. मग ती नळाच्या तोंडात चिंध्या कोंबायची. एकदा तर तिने स्वतःच्याच कानात सुई घातली होती.

थोरली शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. आईवडील गेल्यावर काकांनी "तूच बघ आता तिचं" म्हणून हात झटकले होते. मनाचे डॉक्टर दवाखान्यात महिन्यातून एकदाच यायचे.

"तिला आणता येत नाही हो. घरी कुणी येईल का बघायला?" थोरलीने खिडकीवर विचारलं.

"घरी यायला इथे माणसं कुठायत बाई? घेऊन या तिला."

इकडे आड, तिकडे विहीर. पुढच्या खेपेला थोरलीने केस विस्कटले, बटणं मुद्दाम चुकीच्या काजात अडकवली आणि धाकटी होऊन बाकावर बसली. डॉक्टर दर खेपेला नवे, त्यामुळे सोंग सहज खपलं. आवाज येतात का, असं विचारलं की म्हणायचं, "येतात, पण कमी." येत नाहीत म्हटलं तर गोळ्या बंद, फार येतात म्हटलं तर दाखल करतील. वर्षभर हे बिनबोभाट चाललं.

या खेपेला डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"झोप लागते का हो तुम्हाला?"

तुम्हाला! थोरलीला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिचा बांध फुटला. झोप येत नाही, दार वाजलं की दचकायला होतं, कधीकधी वाटतं बसमध्ये बसावं आणि शेवटच्या थांब्यावरून परतच येऊ नये, असं ती रडत रडत सगळं बोलून गेली. बोलताना तिला फार बरं वाटलं.

"तुम्ही आवाजांचं नावही काढलं नाहीत," बाई मायेने म्हणाल्या. "जुन्या गोळ्या आता बंद करू. तुमचं दुखणं वेगळंच आहे, त्याच्या गोळ्या देते."

बाई नवी गोळी लिहू लागल्या तशी थोरलीने कागदावर हात ठेवला. "नको, बंद नका करू! बाई, मी ती नव्हेच! ती घरी आहे. आवाज तिला येतात, मी तिची बहीण!"

बाईंनी तिच्या चुकलेल्या बटणांकडे पाहिलं. खऱ्याची दुनिया नाही म्हणतात ते काय खोटं? त्यांनी नवी गोळी खोडली, जुनी दुप्पट केली आणि हलकेच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात फरक नसेल तर दाखल करून घेऊ हं. घाबरू नका."

गोळ्या मिळाल्या. आता पुढच्या महिन्यात गेलं तर थोरली आत, न गेलं तर धाकटी पुन्हा नळापाशी. आणि थोरली आत गेली, तर धाकटीला दोन घास तरी कोण देणार?

घरी धाकटी पाकिटाकडे बघत बसली होती.

"काय म्हणाले गं डॉक्टर? मी बरी होतेय ना?"

"होतेयस."

"मग तुझे डोळे का सुजलेत? रडलीस?"

"मी नाही," थोरली बटणं नीट लावत म्हणाली. "तू रडलीस आज. खूप रडलीस."