एकाच हंड्यातली लुगडी

पुलगावात आम्ही पाच-सहा बायकांनी एक मदत केंद्र चालवलं होतं. देवळामागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वाटप, मागच्या खोलीत मी. घराघरांतून जुनी लुगडी यायची. ती सोड्यात उकळायची, फाटलेलं शिवायचं, घड्या घालायच्या. पुढे बसायचा मला सोस नव्हता, असं मी तेव्हा सांगायची. खरं म्हणजे माझ्या फटकळ तोंडामुळे मला कुणी पुढे बसू देत नव्हतं.

गाव केवढं ते! दिलेलं लुगडं आठ दिवसांत विहिरीवर दिसायचं. एकदा एका वकिलाच्या बायकोनं भर बाजारात एका मजूर बाईला थांबवलं, तिचा पदर बोटांत धरला आणि चारचौघींना दाखवला. माझंच लुगडं हे, काठ बघा अजून कसे आहेत, म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं, कौतुकच होतं. पण दुसऱ्या दिवशी ते लुगडं आमच्या पायरीवर येऊन पडलं होतं.

माझा असा जीव जळला! इथून गेलेलं एकही लुगडं देणारीला ओळखू येता कामा नये, असं मी ठरवलं. रंगाऱ्याकडून गडद कथ्थई रंग आणला, अंगणात हंडा चढवला आणि येईल ते लुगडं त्यात बुडवलं. हिरवं असो, लाल असो, चौकड्यांचं असो, बाहेर निघालं की सगळं एकजात कथ्थई. माझे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. वकिलीणबाईंच्या नाकासमोरून त्यांचं लुगडं गेलं तरी त्यांना पत्ता लागत नव्हता. सगळ्यांनी माझं डोकं वाखाणलं आणि मीही शेफारले.

जिनात कापूस निवडायला जाणारी एक विधवा बाई होती. तिच्या मुलीला पाहायला शेजारच्याच नाचणगावचे पाहुणे येणार होते, आणि मुलीला नेसायला धड लुगडं नव्हतं. मी ढिगातलं सगळ्यात मऊ, कुठेही न विरलेलं लुगडं निवडलं. तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. जणू माझ्याच लेकीला पाहायला येत होते.

चार दिवसांनी ती बाई मागच्या दारानं आली, लुगडं काखेत धरून. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तशी मुलाची मावशी तिच्याकडे बघतच राहिली होती. नाव विचारलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. वाटपातलं ना हे, एवढंच विचारलं. मंडळी चहाही न घेता उठली. मुलगी त्या दिवसापासून घराबाहेर पडली नव्हती.

मी उलट तिच्याशीच वाद घालायला लागले. ते लुगडं कुणाचं होतं हे मलासुद्धा सांगता येणार नाही, मग त्यांनी कसं ओळखलं?

"कोनाचं ते नाई समजत, बाई," ती म्हणाली. "पण कुठलं ते साऱ्या गावाले समजते. ह्या रंगाचं लुगडं दुकानात भेटतच नाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, फार लाज वाटली. एकीची फजिती टाळायला निघाले होते, आणि गावातल्या साऱ्या गरीब बायांना आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. कितीजणींनी ती लुगडी मान खाली घालून नेसली असतील, देव जाणे.

रविवारी मुलीला दुसरं स्थळ येणार होतं, पुलगावातलंच. मी तशीच घरी गेले, पेटीतलं माझं हिरवं लुगडं काढलं आणि आणून तिच्या हातात दिलं. तिनं काठावरून हात फिरवला. पोरीले शोभेल, म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "हे नेसून तुम्ही गावात कुठी गेलत्या का, बाई?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच नेसून मी घरोघर मिरवले होते. नाही म्हणता आलं असतं. पण मी खरं ते सांगितलं.

लुगडं तिनं हळूच माझ्यापुढे ठेवलं.

"फाटकंच नेसवीन तिले," ती म्हणाली. "ते तिचं हाय."