पारू किकवीत कशी पडली

पारू गेली त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. तिच्या माघारी लोक काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं, तिच्या अंगात बिरोबाचं वारं होतं. कुणी म्हणतं, किकवीच्या जत्रेत तिला नजर लागली, नाहीतर ती पडणारी नव्हतीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिची थोरली बहीण, कमळाबाई. मी सांगते आणि सून लिहून घेते, तिच्या शाळेतल्या मराठीत. नजरबिजर काही नव्हती. ती कशी पडली ते मला ठाऊक आहे.

आधी एक सांगून टाकते. मी तिच्यावर जळत होते. थोडंथोडकं नाही, भाकरी तव्यावर करपली तरी मला पारूच आठवायची.

आमचं माहेर भोंगवलीच्या वरच्या माळावर. बाप हैबती, पदरी शंभरेक मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून आम्ही मावळात उतरायचो, राजगडाखाली पालीच्या खाचरांकडं. भात कापून झालेलं असायचं. शेतकरी बापाला बोलवायचे, आमच्या खाचरात मेंढरं बसवा म्हणून. लेंडीखतानं रान पिकतं, त्याबदल्यात ते आम्हाला भात द्यायचे. चार-पाच दिवस कळप एका जागी बसला की तिथली माती अशी मऊ व्हायची की तालमीतल्या मातीनं लाजावं. तालमीत बाईमाणसानं पाय टाकायचा नव्हता. मेंढरांच्या जागेत कोण अडवणार? सकाळी मेंढरं चरायला गेली की आम्ही दोघी तिथं झोंबायचो. मी चौदाची, ती बाराची.

डाव माझा होता. हे नीट लिही गं, असं मी सुनेला दोनदा सांगितलं. लोकर कातरायला एडका पाडतात, त्यावरून मी तो काढला. एका हातानं मान दाबायची, आपला पाय त्याच्या पायामागं अडकवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. एडका आडवा. माणसाचंही तसंच होतं, हे मी शोधलं. पारू रोज पडायची, रडायची, डोळे पुसून पुन्हा उभी राहायची. महिन्याभरात तिला तो डाव माझ्यासारखा जमायला लागला. मग मी त्याची मोडही काढली. कळपात एक म्हातारा एडका होता. पाय अडकला की तो ओढाताण करायचा नाही, मटकन खाली बसायचा, आणि पाडणाराच त्याच्या अंगावरून पलीकडं जायचा. मीही तशी बसले. पारू माझ्या डोक्यावरून गेली ती थेट उताणी. ही मोड आम्हा दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हती. पाय अडकला की माणूस तो सोडवायलाच बघतो, बसायचं कुणाला सुचत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. किकवीचा बिरू, घरी थोडी जमीन, चाळीस मेंढरं आणि सासू ठकुबाई. पारूचं लग्न लहानपणीच लागलं होतं, पण ती नांदायला जायच्या आधीच तिचा नवरा तापानं गेला. त्यामुळं ती बापाजवळच राहिली, आणि मी शेण-पाण्याला लागले.

एकोणीसशे एकतीस-बत्तीसची गोष्ट असेल. पालीच्या अंगाला एका जत्रेत कुस्त्यांचा फड भरला होता. वेल्ह्याकडचा एक पोरगा हात वर करून फडात फेऱ्या मारत होता, कुणी जोड आहे का म्हणून. कुणी उठेना. नारळ त्यालाच द्यायची वेळ आली तेव्हा पारू उठली. सोळा वर्षांची पोर, गुडघ्यापर्यंत चड्डी, अंगात बापाची बंडी. लोक पोट धरून हसले. पोरगाही हसत हसत हात मिळवायला आला, आणि हसता हसताच उताणा झाला. पारूला नारळ मिळाला, लाल पटका मिळाला. मी तिथं नव्हते. मला हे सासूनं सांगितलं, ते पण तिसऱ्या दिवशी, मी जात्यावर बसलेली असताना.

मग तिला बोलावणी यायला लागली. भोर, शिरवळ, सासवड, पार वाईपर्यंत. गावोगावचे जत्रावाले बापाकडं माणूस धाडायचे, आमच्या फडात बाईची कुस्ती लावा म्हणून. ती कुठल्या तालमीची नव्हती, तिला कुणी वस्ताद नव्हता. बाप आणि ती, दोघं चालत जायचे आणि पटके घेऊन परत यायचे. खरं सांगायचं तर नावाजलेले मल्ल तिच्यासमोर कधी उतरले नाहीत. तिच्या वजनाचे, मिसरूड फुटलेले गडी उतरायचे. पण तेही काही लोण्याचे नव्हते, हे मलाही कबूल करावं लागतं.

जातीच्या पंचांना हे रुचलं नाही. विधवा पोर परक्या गड्याच्या अंगाला अंग लावते, हिचं दुसरं लग्न करा, पाट लावून द्या, घरी बसवा, असं त्यांनी बापाला बजावलं. बाप खाली मान घालून उभा होता. तेव्हा पारूच बोलली. "ज्या फडात मी चीत व्हईन, तिथंच तुमी म्हणाल त्या घरचा पाट मला कबूल. तवर मला अडवू नगा." पंचांना वाटलं, चार महिन्यांचा खेळ. त्यांनी मान्य केलं. ती सहा वर्षं पडली नाही.

सहा वर्षं! प्रत्येक कुस्तीला ती आपलं सगळं आयुष्य मातीत मांडायची, आणि उचलून परत घरी न्यायची. आणि मी? मी नऊ वर्षं संसार केला, घरात पाळणा नाही. सासू उठता बसता ते ऐकवायची. पारू आमच्याकडं आली की तीच सासू पाट मांडायची, दुधात तूप घालायची. मी चौदा भाकऱ्या थापायच्या, त्यातल्या सहा पारूनं खायच्या, आणि सासूनं म्हणायचं, खा गं, अंगाला लागू दे. बाप जाईल तिथं "माजी पारू, माजी पारू" करायचा. माझं नाव त्याच्या तोंडून शेवटचं कधी निघालं होतं, मला आठवत नव्हतं.

पण माझ्या नाकाला सगळ्यात जास्त मिरच्या झोंबल्या त्या डावानं. लोक त्याला 'पारूचा डाव' म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा! तिनं एकदा तरी चारचौघांत म्हणायचं होतं, की हा माझ्या आक्कानं शिकवला. एवढीच माझी भूक होती. तेवढ्यासाठी मी तिला कधी जवळ घेतलं नाही, कधी विचारलं नाही की बाई, तुझं अंग दुखतं का.

सदतीस साली ती किकवीच्या जत्रेला आली. जोड ठरली होती गावच्याच कुंडलिकशी. तो चिमाजी वस्तादांच्या तालमीतला, चलाख गडी. आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यात झाडत होते, तेव्हा चिमाजी वस्ताद करडू बघायच्या निमित्तानं आले. इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सरळ विचारलं, तुमच्या बहिणीच्या डावाला मोड आहे का?

हातातला खराटा मी खाली ठेवला. मला ठाऊक होतं ती पडली तर काय होणार. तिचं फिरणं संपणार, कुणाच्यातरी चुलीपुढं माझ्यासारखीच बसणार. बसू दे की, असं मला वाटलं. मी बसलेच आहे.

"पाय अडकला तर वढू नगा म्हनावं त्याला," मी म्हणाले. "मटकन खाली बसा म्हनावं. ती वरनं जाती."

वस्तादांनी मान हलवली. ते निघाले तेव्हा मी विचारलं, तुम्ही माझ्याकडंच कसे आलात?

"तुमची बहीन फडाफडांत सांगती न्हवं," ते म्हणाले, "डाव माज्या आक्काचा हाय, मी निस्ती चालवते. लोकांना चेष्टा वाटती. मला न्हाई वाटली."

ते गेले. मी गोठ्यात तशीच उभी राहिले. पण अजून काही बिघडलं नव्हतं. कुस्ती दुसऱ्या दिवशी होती आणि पारू आमच्याच ओसरीवर बसली होती. दहा पावलं जायचं आणि तिच्या कानात सांगायचं, उद्या तो डाव टाकू नकोस. मी निघालेसुद्धा.

ओसरीवर बिरू तिच्या समोर उकिडवा बसून सासवडची कुस्ती ऐकत होता. मध्येच मोठ्यानं हसत होता. नऊ वर्षांत त्यानं मला कालवणात मीठ कमी आहे यापलीकडं काही सांगितलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. सासू दुधाचा पेला घेऊन उभी होती. पारूनं मला पाहिलं आणि हसून म्हणाली, "आक्का, भाकरी झाली का?"

तिच्या मनात काही नव्हतं, तिला भूक लागली होती. पण मी मागं वळले आणि चुलीपुढं जाऊन बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही मी तिच्याशी अवाक्षर बोलले नाही.

फडाजवळ बायकांना बसू देत नसत. आम्ही लांब सोडलेल्या बैलगाड्यांवर उभ्या होतो. हलगी वाजत होती. कुंडलिक तिला जवळ येऊ देईना, तीही घाई करीना. बराच वेळ दोघं नुसते एकमेकांची मनगटं झटकत होते. मग पारूनं मान धरली, पाय अडकवला, आणि लोक "पारू, पारू" करायला लागले. कुंडलिक मटकन खाली बसला. ती त्याच्या डोक्यावरून गेली आणि वळायच्या आत तो तिच्या छातीवर होता. दोन्ही खांदे मातीला लागले. फडातल्या पंचानं हात वर केला, हलगी थांबली. पारू उठली नाही. पडल्या पडल्या तिनं मान वळवून गाड्यांकडं पाहिलं.

मला वाटलं होतं, माझं पोट निवेल. खोटं कशाला बोलू, निवलंच. एक घटकाभर.

जातीचे पंच जत्रेला आलेलेच होते. वडाखाली बैठक बसली. पंचांच्या मनात वेल्ह्याकडचा एक बिजवर होता, पाच पोरांचा बाप. त्यांनी त्याचं नाव काढलं आणि माझी सासू पुढं झाली. तिनं बहुतेक सगळं आधीच ठरवून ठेवलं असावं.

"माज्या घरात नऊ वर्सं पाळना हलला न्हाई," ती म्हणाली. "पारू बिरूला द्या. सख्खी भन हाय, थोरलीला काय जाच व्हनार न्हाई."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो पागोटं सारखं करत होता. बाप जमिनीकडं बघत होता. पंचांनी पारूला विचारलं. तिच्या केसांत अजून लाल माती होती.

"सबूद दिलाय, मोडनार न्हाई," ती म्हणाली. "पर आक्काला इचारा. ती म्हनंल तसं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. नाही म्हटलं तर ती बिजवराच्या घरी जाणार. व्हय म्हटलं तर माझ्या घरात येणार, माझ्या नवऱ्याच्या शेजारी, रोज, मरेपर्यंत. तिच्या नजरेला नजर देणं मला जमेना. मी व्हय म्हणाले. यात माझा मोठेपणा काही नव्हता, दुसरं तोंडातून निघालंच नाही.

पाट लागला. पुढं तिला दोन मुलगे झाले. हे लिहून घेणारी सून धाकट्याची. मुलं मला थोरली आई म्हणायची. अंगणातून त्या मायलेकरांच्या हसण्याचा आवाज आला की माझा तिळपापड व्हायचा, तो काही थांबला नाही. पारू मात्र पुन्हा फडाच्या बाजूला फिरकली नाही. तिचे पटके सासूनं फाडून मुलांच्या झोळीला वापरले.

पाट लागल्यावर आठवड्यानं आम्ही दोघी ओढ्यावर धुणं धूत होतो. दुसरं कुणी नव्हतं. मला ते आत ठेववेना. मी म्हणाले, पारू, चिमाजी वस्ताद माझ्याकडं आले होते.

ती लुगडं पिळत होती. पिळतच राहिली.

"तो खाली बसला तवाच कळलं," ती म्हणाली.

"मग पंचांना का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू? सहा वर्सं गड्यांना न्हाई जमलं," ती म्हणाली, "तू सोडून मला पाडनारं व्हतं तरी कोन?"

तिनं पिळा झटकून खडकावर टाकला आणि दुसरं कापड घेतलं. मी पाण्यात हात घालून बसले होते. जे ऐकायला मी इतकी वर्षं जळत होते, ते तिनं मला दिलं होतं, आणि ते ऐकून मला आधी बरं वाटलं. लाज त्यानंतर वाटली.