आबांना सांगायचे पक्षी

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. ती शिकलेली आहे, कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते, फाडफाड गुजराती बोलते, त्यातल्या कशाचाही हेवा नाही. हेवा तिच्या कॅमेऱ्याचा. आणि खरं विचाराल तर कॅमेऱ्याचाही नाही. रविवारी सकाळी आबांच्या खाटेजवळ जी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचं असतं ना, तिचा. ती खुर्ची माझी होती.

आबा म्हणजे माझे सासरे. धुळ्याकडून सुरतेला आले आणि पांडेसऱ्यात रंगाईच्या मिलमध्ये त्यांची अख्खी नोकरी झाली. सुट्टीच्या दिवशी लोक झोपायचे, पत्ते कुटायचे. आबा चलथाणच्या बाजूला कालव्यावर पाखरं बघायला जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला इथं करमायचं नाही. खिडकीतून मिलच्या चिमण्या दिसायच्या आणि खाली रंगीत पाण्याची गटार. एक दिवस आबा म्हणाले, चल सूनबाई. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, सासरा सुनेला स्कूटरवर बसवून पाखरं दाखवायला नेतो, लोक काय म्हणतील! आबा म्हणाले, लोकांनाही सांग, जागा असती तर त्यांनाही नेलं असतं.

त्यांच्याकडे ना दुर्बीण होती, ना पुस्तक. कालव्याच्या कडेला उसाच्या शेतापलीकडे जुनी आमराई आहे, तिथं बसायचं आणि जे येईल ते बघायचं. एखादा पक्षी बसला की तो उडेपर्यंत दुसरीकडे मान वळवायची नाही. आणि घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचं. त्याचीही रीत ठरलेली. कुठं बसला होता, काय करत होता, कसा उडाला, हे सगळं आधी. नाव शेवटी. सासूबाई तांदूळ निवडता निवडता ओळखायच्या, आणि ओळखता आलं नाही तर सांगणाऱ्यालाच बोल लावायच्या, तुला धड सांगता येत नाही म्हणून. आबांचं म्हणणं, नाव आधी सांगितलं की ऐकणारा मोकळा होतो, मग तो कशाला ऐकतोय?

सासूबाई गेल्या. पुढं आबा मोरीत घसरले, खुबा मोडला आणि खाट धरली. तेव्हापासून मी एकटी जायला लागले आणि आबा ऐकायला लागले. मी चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "काय देखं वं आज?" घरात ते अहिराणीच बोलतात. मी खुर्ची ओढायची, सुरू करायची, आणि ते डोळे मिटायचे. मध्येच हात वर करून थांबवायचे. बगळा उभा होता म्हणतेस, पण तोंड पाण्याकडं की काठाकडं? एक पाय वर होता का? हे विचारणार म्हणून मी तिथं कालव्यावर दुप्पट बघायची. कधी कधी वेडा राघू तारेवरून उडून माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो, एवढंच मी सकाळभर बघत बसले आहे आणि मला कुणी लाख दिले असते तरी उठले नसते. आठवड्यातली तेवढी एकच सकाळ मी कुणाची सून, आई, बायको नसायची. नुसती बघायची.

मग दिरांनी जावेला वाढदिवसाला कॅमेरा आणला. आणि तिला कालव्यावर घेऊन कोण गेलं? मीच. आपल्याच हातानं धोंडा पायावर. खंड्या दाखवला, शराटी दाखवली, कोतवाल दाखवला. तिच्या कॅमेऱ्याचं आपलं कटकट कटकट चालू. पक्षी उडाला की मान खाली घालून मागच्या छोट्या पडद्यात बघायची, आणि तेवढ्यात समोर दुसरा येऊन गेलेला असायचा. मला आतून हसू यायचं. म्हटलं, हिला काय दिसणार!

पण घरी आल्यावर तिनं ते सगळं टीव्हीवर लावलं. खंड्याच्या चोचीतल्या माशाचा डोळासुद्धा दिसत होता, मेला. शेजारपाजारचे बघायला आले. आबा उशीला टेकून वा वा करत होते. सगळे गेल्यावर मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, आबा, तो खंड्या ना, आधी दोनदा चुकला होता. ते म्हणाले, हो, बघितला ना मी आत्ता. दर रविवारी हेच व्हायला लागलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी माझ्या घरात बघितलं, आणि नागोबा वर मला चहा करून द्यायचा, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, झालं की इथल्या झाडांवर पुढं कितीतरी दिवस फाटके पतंग लटकत असतात. त्यानंतरच्या रविवारी आमराईत काहीतरी पांढरं, लांब, हलणारं दिसलं आणि जाऊ धावत सुटली. दूधराज, दूधराज, म्हणत. गुजरातीत स्वर्गीय नर्तकाला दूधराज म्हणतात. नर पांढराशुभ्र, डोकं काळं आणि शेपटीच्या दोन लांब फिती. तिनं फोटोवर फोटो काढले. घरी टीव्हीवर लावले तर काय, पोराच्या पतंगाला चिकटवलेली कागदाची शेपटी! सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती दिवसांचं साचलं होतं.

पुढच्याच रविवारी तो खरा आला. जाऊ मागं झाडाखाली बसून कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होती. तो आंब्याच्या फांदीवरून खाली आला, पाण्याला छाती लावली आणि परत वर गेला. मी तिला हाक मारली नाही. मारली असती तरी तो थांबला नसता, असं मी म्हणते. घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही, नुसती वाक्यं जुळवत होते. आबांपुढं बसले आणि सुरू केलं, आमराईतला कालव्याकडचा आंबा, त्याची खालची फांदी, पांढरं अंग. एवढ्यात मागून जाऊ म्हणाली, "भाभी, पतंग असेल." पुन्हा सगळे हसले. तेही मी सोसलं असतं. पण आबा डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाले, "फोटू शे का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली. इतकी वर्षं माझ्या तोंडून ते पाखरं बघत होते, आणि आता माझ्या तोंडाला पुरावा लागायला लागला. त्या रात्री मी रडले, नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी कणीक मळायला घेतली आणि म्हटलं, मला वेळ नाही, तू जा एकटी.

ती गेली. आली तेव्हा माझा तवा तापला होता. बाहेर आबांनी विचारलं, काय देखं? मला वाटलं, आता टीव्ही लागणार. टीव्ही लागला नाही. जाऊ म्हणाली, "दूधराज. भाभी खरं सांगत होत्या." नाव आधी सांगितलं तिनं. मी असं कधी केलं नसतं. आबांनी फोटो मागितला. ती म्हणाली, "नाही काढला. बघतच राहिले."

मी लाटणं हातात घेऊन दारापर्यंत आले. मी खरी ठरले होते, सगळ्यांच्या देखत. आनंद व्हायला हवा होता. पण आबा म्हणाले, "सांग मंग," आणि त्यांनी डोळे मिटले. तिच्यासाठी. ती माझ्या खुर्चीवर बसली होती.

तिला सांगता येत नव्हतं. खालून वर गेला, म्हणाली, मग फांदीवर बसला, आणि शेपटी, म्हणजे तो बसला होता पण शेपटी... तिथं अडकली. तिनं दाराकडं बघितलं. "भाभी, तुम्ही सांगा ना. तुम्हाला येतं."

मला येत होतं. आठ दिवस ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी म्हटलं, "तू बघितलास ना? तूच सांग," आणि आत वळले.

पण वळून दाराआडच उभी राहिले. मग ती म्हणाली, "आबा, साडी झटकली की पदर सगळ्यात शेवटी येतो ना, तसं."

आबा डोळे मिटूनच हसले. मला हे सुचलं नव्हतं. तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला, तरी मी हलले नाही. पुढं तो कुठं गेला, ते मला ऐकायचं होतं.