बाळंतिणीच्या गालांवरचा रंग

मी नेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. फळ्यावर उलटसुलट बाण काढून दरवर्षी घसा कोरडा करतो, की बाबांनो, समतोल म्हणजे थांबणं नव्हे. दोन्हीकडून ये-जा चालूच असते. एका बाजूला भर घातली की समतोल दुसरीकडे सरकतो. हे बाण एक दिवस माझ्याच घरात शिरतील, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

थंडीचे दिवस. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या होत्या, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. मी घरी आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी बाळाला न्हाऊ घालायला खोलीबाहेर नेलं होतं. आई दारातून लेकीला कौतुकाने न्याहाळत होती.

"पाह्य, कशी गुलाबी दिसून राह्यली माही पोर!"

खरंच दिसत होती. मी हाक मारली, ओ नाही. हलवलं, तर मान एका बाजूला पडली. करोनात घेतलेलं यंत्र तिच्या बोटाला लावलं, तर ऑक्सिजन नव्व्याण्णव!

बाळाला काकूंपाशीच ठेवून ऑटोतून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे पाहिलंही नाही.

"खोलीत शेगडी होती? आणि खिडकी?"

"बंद होती. वारा लागते ना जी बाळंतिणीले," आई म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. रक्त लालचुटूक दिसतं आणि यंत्रही फसतं. म्हणजे आम्ही कौतुक करत होतो ते विषाचं!

मास्क लावला, शुद्ध प्राणवायू सुरू झाला. आता प्राणवायूची भर पडेल, समतोल उलटा सरकेल, विषारी वायू रक्तातून सुटत जाईल.

हळूहळू गालांवरचा रंग उतरू लागला. आई किंचाळलीच.

"पांढरी पडून राह्यली! काढा ते तोंडावरचं!"

तिने मास्क ओढायला हात घातला. मी तिचं मनगट करकचून धरलं.

"उतरू दे, आई. तो रंग शेगडीचा होता."

आईने मास्क सोडला. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग मास्कच्या आत बहिणीचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"भाऊ, बाळ त त्या खोलीत नाही ना?"