हुंगून दिलेली गाडी

मिस्त्रींना वास यायचा बंद झाला त्याला चार महिने झाले होते, आणि ही गोष्ट सगळ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, खुद्द मिस्त्रींना.

तसं काही मोठं झालं नव्हतं. साधी सर्दी झाली, ताप आला, पाच दिवसांनी उतरला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी साबण हातात घेतला तर साबणाला वासच नाही. कंपनीने साबण बदलला की काय म्हणून त्यांनी वेष्टनसुद्धा उलटसुलट करून पाहिलं. मग डोक्याच्या तेलाची बाटली उघडली. मग फिनेल. फिनेलच्या बाटलीला नाक लावून ते न्हाणीघरात किती वेळ उभे होते कोण जाणे, पण बाहेर आले ते भिंतीला धरून.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर चारचौघांत सांगून तो मोकळा झाला असता. मिस्त्रींचं मात्र सगळं गॅरेज त्या नाकावर उभं होतं. सतराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली पाना धरला तेव्हापासून हे नाक त्यांच्या कामी येत होतं. टाकीचं झाकण उघडल्या उघडल्या ते सांगत, यात रॉकेल आहे, हे पेट्रोल महिनाभर पडून शिळं झालंय, यात पाणी उतरलंय. एकदा तर गावातल्या निळ्या पेट्रोलपंपाचा मॅनेजर स्वतः बाटली घेऊन आला होता. "मिस्त्री, एवढं हुंगून सांगा, टँकर उतरवून घेऊ की परत पाठवू?" त्यांची बायको शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे काही लपवायचं म्हणजे बाटलीत घालून वरून बूच मारावं लागतं."

त्या बायकोपासूनच आता ते लपवत होते. मध्यंतरी ती गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला गेली. मिस्त्री तिथेच, शेगडीपासून चार पावलांवर पेपर वाचत बसले होते. ती आली तेव्हा पातेलं काळं ठिक्कर पडलेलं आणि घर धुराने भरलेलं. "अहो, झोपला होतात का?" तिने विचारलं. "विचारात होतो," ते म्हणाले. ती पातेलं घासत बसली. पण त्या दिवसापासून मिस्त्री झोपण्यापूर्वी दोनदा उठून गॅसची कळ हाताने चाचपून येत.

भीती अशी की ती दिवसभर त्यांच्या हाताला चिकटलेली असायची. पेट्रोलची नळी सोडून परत जोडली की पूर्वी ते जॉइंट फडक्याने कोरडा करून त्याला नाक लावत, की झालं काम. गळती असेल तर नाक चुकायचं नाही. आता नाकाच्या जागी त्यांनी बोट आणलं होतं. इंजिन चालू करायचं, मनात शंभर आकडे मोजायचे आणि जॉइंटच्या खालून कोरडं बोट फिरवायचं. पेट्रोल असेल तर बोट गार पडतं. नाकाला जे एका श्वासात कळायचं त्याला पाच मिनिटं लागत. शिवाय हे कुणाच्या देखत करायचं नाही. लोकांना वाटलं असतं, मिस्त्री बोट काय लावतायत, नाक कुठे गेलं यांचं? म्हणून गिऱ्हाईक समोर असलं की ते वाकून नाक लावल्यासारखं करत आणि गिऱ्हाईक चहाला गेलं की बोट.

असंच निभत होतं. मग तो पेट्रोलचा वाद उभा राहिला.

वाद व्हॅनताई आणि टेम्पोवाले यांच्यातला. व्हॅनताई म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणारी बाई. नवरा गेल्यावर त्याची व्हॅन विकायच्या ऐवजी तिने स्टिअरिंग हातात घेतलं होतं. जुनी, कार्बुरेटरवाली गाडी, इंजिन पुढच्या सीटखाली. नऊ मुलं, दोन फेऱ्या. टेम्पोवाले म्हणजे समोरच्या गल्लीतले एक गृहस्थ, बोलायला एकदम पट्टीचे.

"दादा, निळ्या पंपाचं पेट्रोल भरायला लागल्यापासून माझी गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर खडखडते," ताई मिस्त्रींना म्हणाली. "ओढतच नाही. लाल पंपाचं होतं तेव्हा असं नव्हतं."

"चढावर गाडी ओढत नाही याला पेट्रोल काय करणार?" टेम्पोवाले म्हणाले. "तिसरा गिअर सोडवत नाही तुमच्याने. मी सहा वर्षं निळ्याचंच घालतोय. माझा टेम्पो हरणासारखा पळतो."

"हरणाचा धूर इतका काळा असतो होय?"

तिसरा पंप होता हायवेवरचा. तिथलं पेट्रोल दोन-चार रुपयांनी महाग आणि म्हणे इंजिन आतून धुऊन काढतं. शेवटी दोघांनी तीन पंपांवरून तीन बाटल्या आणल्या, वर चिठ्ठ्या न लावता मिस्त्रींच्या टेबलावर ओळीने मांडल्या, आणि टेम्पोवाले म्हणाले, "हं. लावा नाक. कुठली कुणाची ते सांगा आणि चांगली कुठली तेही सांगा."

मिस्त्रींनी पहिल्या बाटलीचं बूच काढलं. पाण्याचा पेला हुंगावा तसं वाटलं. त्यांनी बूच परत लावलं.

"वासावर कशाला जायचं?" ते म्हणाले. "वासाने भेसळ कळते. या तिन्हींत भेसळ नाही. इंजिनाला काय मानवतं ते इंजिनालाच विचारू. एकेक लिटर घालू आणि चालवून बघू."

दोघांनाही ते पटलं. उलट ताईला वाटलं, काय पद्धतशीर माणूस आहे. मिस्त्रींनी पाठ वळवून कपाळाचा घाम पुसला.

मग तीन दिवस चाचणी चालली. सकाळची मुलं शाळेत सोडून झाली की व्हॅन गॅरेजला यायची. मिस्त्री टाकीकडून येणारी नळी सोडून तिच्या जागी लिटरची बाटली टांगत. मग रिकामी गाडी तीच वाट, तोच वेग, पाण्याच्या टाकीचा तोच चढ धरून पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत. बंद पडली की राखीव बाटलीवर परत. मिस्त्री फिल्टर पेपरवर एकेक थेंब टाकत. तिन्ही थेंब डाग न ठेवता उडून गेले. घनता मोजली, प्लग काढून पाहिले, तिन्ही दिवस विटकरी रंगाचे, म्हणजे पेट्रोल नीट जळत होतं. लाल पंपावर गाडी चौदा किलोमीटर आणि वर तीनशे मीटर गेली, निळ्यावर चौदा आणि वर शंभर, हायवेच्या महागड्यावर चौदा आणि दोनशे. एवढा फरक तर एखाद्या म्हशीने रस्ता अडवला तरी पडतो, असं मिस्त्री म्हणाले. खडखडीचं कारण त्यांना पहिल्याच दिवशी, बाटली टांगण्यापूर्वीच सापडलं होतं. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकलं होतं. ते जागेवर आणल्यावर व्हॅन तिन्ही पेट्रोलांवर चढ चढली.

हे काम त्यांनी इतकं मनापासून केलं की तिसऱ्या दिवशी दुपारी, चार महिन्यांत पहिल्यांदा, त्यांना थोडं बरं वाटलं. नाक नसलं तरी आपण अगदीच कामातून गेलेलो नाही.

पण त्या दिवशी उशीर झाला. शेवटची फेरी संपायला साडेबारा वाजले आणि शाळा एकला सुटते. ताई सीटवर बसूनच घाई करत होती. टेम्पोवाले दाराला टेकून म्हणत होते, "म्हणजे मिस्त्री, सरळ म्हणा ना की बाईंच्या गाडीचंच चुकत होतं, पंपाचं नाही." मिस्त्रींनी बाटली काढली, टाकीची नळी जोडली, क्लिप आवळली. क्लिपच्या स्क्रूचा आटा जुना होता, फिरताना जरा सैल लागला. आता बोटाची वेळ होती. इंजिन चालू, शंभर आकडे, मग बोट.

दोन माणसं बघत होती.

मिस्त्री वाकले, जॉइंटला नाक लावलं, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. जा."

व्हॅन गेली. टेम्पोवालेही टेम्पो घेऊन गेले.

पंधरा-वीस मिनिटांनी मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली. फाटकातच तिने पदर नाकाला लावला. "अहो, केवढं पेट्रोल सांडलंय. फाटकाच्या बाहेरपासून वास येतोय."

"बाटल्या होत्या," मिस्त्री म्हणाले.

"बाटल्या तर टेबलावर आहेत, बूच लावलेल्या." ती चालत चालत व्हॅन उभी होती तिथे गेली. "इथे आहे. इथून फाटकापर्यंत." मग ती त्यांच्याकडे वळली. "तुम्ही मघापासून इथेच उभे आहात ना? तुम्हाला येत नाही?"

मिस्त्रींनी खाली बसून फरशीवरच्या ओल्या डागावर बोट टेकलं. बोट गार पडलं.

बायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. करपलेलं दूध, दोनदा चाचपलेली कळ, सगळं तिने त्या एका क्षणात जोडलं असणार. पण ती एवढंच म्हणाली, "कुठली गाडी?"

"मुलांची."

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही ही शिस्त ताईला त्यांनीच लावली होती. दुरुस्तीला आलेली एक स्कूटर उभी होती, तिच्यावर ते निघाले. पहिल्या चौकात एका रिक्षाला घासता घासता वाचले. डोळ्यांपुढे फक्त पुढच्या सीटची खालची बाजू. सैल क्लिप, तिच्यातून टपकणारा थेंब, आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर तापून लाल झालेला सायलेन्सरचा पाइप. आत्तापर्यंत थेंब पाइपच्या बाजूने पडत असेल. चढावर गाडी मागे कलते. चढावर तो थेंब कुठे पडेल?

शाळेपाशी पोचले तर शाळा सुटून गेलेली. मुलांच्या घरांचा क्रम त्यांना माहीत होता. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर पहिली दोन, मग बँकेमागे एक, मग टाकीचा चढ. औषधाच्या दुकानापाशी व्हॅन नव्हती. बँकेमागे नव्हती. रस्त्यावर कुठलाही आवाज झाला की ते मान वळवून धूर दिसतो का बघत होते.

चढाच्या पायथ्याशी व्हॅन दिसली. एका मुलाला उतरवून ताई दार लावत होती. इंजिन चालूच होतं.

मिस्त्रींनी स्कूटर स्टँडला न लावता तशीच सोडली. ती आडवी झाली. ते खिडकीतून आत वाकले आणि त्यांनी किल्ली फिरवून काढून घेतली.

"दादा, काय झालं?"

"मुलांना उतरव. त्या पलीकडच्या भिंतीपाशी ने. आधी ने, मग सांगतो."

त्यांचा चेहरा बघून ताईने दार परत उघडलं. पाच मुलं उरली होती. दप्तरांसकट ती भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. मिस्त्रींनी सीट उचलली. क्लिप नळीवरून सरकून लोंबत होती. जॉइंटमधून थेंबामागून थेंब पडत होता, पाइपपासून चार बोटांवर. पाइपच्या आसपासचं लोखंड तडतडत होतं, गरम तव्यासारखं. त्यांनी टाकीकडची नळी चिमटीत दाबून धरली, तिला खिळ्याने बूच मारलं आणि मग रस्त्यावरच बसले.

ताई जवळ आली. "वास येत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "शाळेपासून येत होता. मधल्या सीटवरची मुलगी म्हणालीसुद्धा, मावशी, डोकं दुखतंय. मी म्हटलं, काच उघड. दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल. आपली तर आत्ताच मिस्त्रींनी हुंगून दिलीय."

मिस्त्रींना वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कसलाच येत नाही. चार महिने झाले. सर्दीनंतर गेला तो परत आलाच नाही. मघाशी मी नुसतं नाक लावल्यासारखं केलं. तुम्ही दोघं बघत होतात म्हणून."

ताईने मान वळवली. भिंतीपाशी मुलं दप्तरावर कसलासा खेळ मांडून बसली होती. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "या चार महिन्यांत माझी गाडी चारदा आली तुमच्याकडे."

"बाकीच्या वेळी बोटाने बघितलं होतं."

"नक्की?"

मिस्त्रींनी आठवून बघितलं. नक्की असं त्यांना म्हणता येईना.

"आणि मिस्त्री," ती म्हणाली. दादा म्हणायचं तिने सोडलं होतं. "माझी सोडा. अजून कुणाकुणाच्या नळ्या उघडल्यात?"

हा प्रश्न त्यांनी चार महिने स्वतःला विचारू दिला नव्हता. आता उत्तर आपोआप आलं. टेम्पो. पावाची गाडी. डॉक्टरांची जुनी मोटार. फुलवाल्याची रिक्षा. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या नर्सबाईंची स्कूटर. पाच. कुठे बोट फिरवलं आणि कुठे गिऱ्हाईक समोर होतं म्हणून नुसतं नाक, ते आता वेगळं काढता येत नव्हतं.

ताईने मुलांच्या घरी फोन करायला सुरुवात केली, येऊन घेऊन जा म्हणून. मिस्त्रींनीही फोन काढला.

टेम्पोवाल्यांनी लगेच उचलला. "बोला. काय, लाल पंप जिंकला का?"

"टेम्पो कुठे आहे? बाजूला घ्या, बंद करा आणि खाली उतरा. का ते सांगतो."

पलीकडची गंमत थांबली. मिस्त्रींनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगतानाही तितकंच अवघड गेलं. टेम्पोवाले पुष्कळ काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग पावाची गाडी, मग डॉक्टर, मग रिक्षा. डॉक्टर म्हणाले, "मोटार घरीच उभी आहे, उद्या बघू." मिस्त्री म्हणाले, "आज बघायची. तोवर किल्ली लावू नका." डॉक्टरांना आजवर असं कुणी दरडावून सांगितलं नव्हतं. ते बरं म्हणाले.

नर्सबाईंचा फोन वाजत राहिला. एकदा, दोनदा, पाचदा.

शेवटच्या मुलाचे आजोबा येऊन त्याला घेऊन गेले तेव्हा अडीच वाजत आले होते. मिस्त्रींनी आडवी पडलेली स्कूटर उचलली. तिचा एक आरसा फुटला होता.

"नर्सबाई दुपारी कुठे असतात ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "कारखान्यामागच्या चाळीत दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांच्याकडे जातात. चला."

"तुम्ही कशाला?"

"तिथे पोचून तुम्ही काय करणार? बोट लावणार?" ती मागे बसली. "माझी गाडी तुमच्याकडे परत येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. पण आज सगळ्या गाड्या बघून होईपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. तुम्ही नळ्या उघडा, हुंगते मी."

मिस्त्रींनी स्कूटर चालू केली. ताईने मागून पुन्हा एकदा नर्सबाईंचा नंबर लावून फोन कानाला धरला. चढ संपेपर्यंत तो वाजतच होता.