आत्याबाईंची कलेक्टरीण

आमच्या आत्याबाई माणसांना नावं ठेवायच्या आणि शेळ्यांना नावं द्यायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या औशाकडं सासूला असंच म्हणतात. नाव देताना त्या आधी जनावराचा स्वभाव बघायच्या. प्रत्येकाच्या बांधावर फिरून येणारी ती तलाठीण. भांडण लागलं की मधे तोंड घालणारी ती सरपंचीण. आणि लातूर जिल्हा झाला त्या साली जन्मलेली, मान वर करून चालणारी, हाक मारली की मुद्दाम दुसरीकडं बघणारी काळीभोर शेळी, ती कलेक्टरीण. गावात तेव्हा जो तो सांगायचा, आता आपण उस्मानाबादवाले नाही, लातूरवाले. आत्याबाई म्हणायच्या, "व्हा की लातूरवाले. माझी शेळी अजून उस्मानाबादीच हाय. तिला कुणी इचारलं का?"

मी त्या घरात आले तेव्हा जिल्हा होऊन दोन पावसाळे झाले होते. म्हणजे व्हायला हवे होते. पाऊस काही आला नव्हता. मी नांदेडची, शहरातली. शेळी मी जवळून पाहिली होती ती खाटकाच्या दुकानात, उलटी टांगलेली. लग्नात कासारानं कोपराला येतील एवढ्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि त्या वाजाव्यात म्हणून मी उगीच हात हलवत असे. गोठ्यात जाताना नाकाला पदर, चेहऱ्याला पावडर. आत्याबाईंनी मलाही नाव देऊन टाकलं होतं, नांदेडकरीण. "नांदेडकरणीला शेण काढाय सांगू नका, तिची पावडर भिजंल," असं त्या शेळ्यांना सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

रीतभात मात्र त्यांच्याइतकी कडक गावात कुणाची नसेल. एकदा विहिरीवर रिकामी बादली हातावर आपटली आणि माझी एक बांगडी तडकली. घरी येऊन मी म्हणाले, "फुटली." आत्याबाईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली. "फुटली म्हणायचं न्हाई. वाढवली म्हणावं. सवाशिणीचा हात हाय." त्या दिवशी नवी बांगडी भरेपर्यंत मला जेवायला मिळालं नाही. पण रीत जितकी कडक, तितकी त्यातून वाट काढण्याची अक्कलही त्यांच्याकडं होती. एकादशीला साबुदाणा मिळेना, तर म्हणाल्या, "भगर बी न्हाई, साबुदाणा बी न्हाई. मग ज्वारीच उपासाची. देवाला काय दुष्काळ दिसत न्हाई व्हय?"

त्या उन्हाळ्यात माझी नणंद सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुलगी झाली. पण सुमनला ताप भरला तो हटेना, आणि अंगावरचं दूध आटलं. म्हैस कधीच भाकड झाली होती. शेजारच्या वस्तीवरून गडूभर दूध यायचं, तेही त्यांच्या घरात उरलं तर. पोर रडून रडून निळी व्हायची. सगळ्या घराचे डोळे कलेक्टरणीच्या पोटाकडं लागलेले. ती पहिलारू होती, पहिल्यांदाच विणार होती. तिला दूध आलं की पोरीला दूध, असा सरळ हिशेब होता. आत्याबाई तिच्यापुढं बाभळीच्या शेंगा ठेवून म्हणायच्या, "बाईसाहेब, आता लवकर मनावर घ्या."

बाईसाहेबांनी मनावर घेतलं ते भर दुपारी. मामंजी आणि आमचे हे बैल घेऊन चारा छावणीवर गेलेले, घरात आम्ही तिघी बायका. कलेक्टरीण लिंबाखाली आडवी झाली, पाय ताणू लागली, ओरडू लागली. कितीतरी वेळ गेला. शेवटी एक पाय आणि नाकाचा शेंडा दिसला, आणि तिथंच सगळं थांबलं. आत्याबाईंनी हात धुऊन तेल लावलं आणि आत घालून बघितला. जाईना. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांचा हात आधीच कुदळीसारखा झालेला, त्यात अंगठ्यावर दगड पडून सुजलेला. त्या उठल्या आणि माझ्या हाताकडं बघू लागल्या.

"एक पाय माघारी दुमडलाय. लहान हात पायजे. हिकडं ये."

मी दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "आत्याबाई, माझ्या हातात बांगड्या आहेत." पळवाट म्हणून एवढंच सुचलं, आणि ती पक्की आहे अशी माझी खात्री होती. तडकलेल्या एका बांगडीसाठी जिनं मला उपाशी बसवलं, ती बाई आता काय करणार?

त्यांनी माझं मनगट धरलं, त्याभोवती आपला पदर गुंडाळला आणि पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर दाबलं. पदराच्या आत चुरचुर आवाज झाला. मग दुसरा हात. ओसरीवरून सुमन ओरडली, "आई, अगं दादा घरी न्हाई, आन् तू वहिनीचे हात मोकळे करायलीस?"

"तुझ्या दादाला काय होत न्हाई. झालंच तर पाप माझ्या नावावर." मग लुगड्याच्या काठाची चिंधी टरकन फाडली, हळदीत बुचकळली आणि माझ्या कोपराच्या वर बांधली. "मनगट काय आन् कोपर काय. हात एकच असतोय. झाला का न्हाई भरलेला? बस खाली."

मी बसले. शेळी ओरडत होती आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं मी. डोळे घट्ट मिटलेले.

"डोळे काऊन मिटायलीस? आत दिसणार न्हाई, पर भाईर तरी बघ. तिनं कळ दिली की थांब. सोडली की सरक. काय लागतंय?"

"पाय. सापडला पाय."

"टणक लागतोय का मऊ?"

"मऊ."

"मग कान हाय त्यो. फुडं जा."

पुढं गेले. काहीतरी टणक, दुमडलेलं लागलं. त्यांनी सांगितलं तसं खूर तळव्यात झाकून धरला, आत कुठं ओरखडू नये म्हणून, आणि हळूच पुढं वळवला. पाय सुटला. मला तो सुटताना कळला. इतक्या वर्षांत दोन लेकरं झाली, नातवंडं झाली, पण तसं काही या हाताला पुन्हा कळलं नाही. पुढच्या कळेबरोबर करडू माझ्या मांडीवरच्या नव्या साडीवर येऊन पडलं. गपगार. आत्याबाईंनी बोटानं त्याचं तोंड साफ केलं, नाकात कडब्याची काडी फिरवली, गोणपाटानं खसाखसा चोळलं. करडू शिंकलं, आणि मी रडायला लागले. दुसरं आपसूक आलं, तयार रस्त्यानं आल्यासारखं.

पहिला चीक त्यांनी करडांनाच पाजला. वस्तीवरून गडू आला नव्हता, आत सुमनची पोर रडत होती, तरी थेंब काढू दिला नाही. "आधी तिची लेकरं. पोट तिनं फाडलंय." पोरीला दूध मिळालं ते मागून, आणि मग रोज. ती पोर आता लातूरला बँकेत आहे आणि कलेक्टरीण हे नाव काढलं की चिडते.

हे बाजाराच्या दिवशी घरी आले. माझी मोकळी मनगटं बघून दारातच उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "तू जित्ता हाईस ना? मग गप जेवाय बस." दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावणं गेलं. त्यानं नेहमीसारख्या मापाच्या बांगड्या काढल्या, तर त्याला थांबवलं. "घट्ट भरू नको, बाबा. काढता याय पायजेत. हिला काम असतंय."

आणि खरंच काम लागलं. कुणाची शेळी अडली की आत्याबाई पुढं आणि मी मागं, अशी आमची स्वारी निघायची. वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "सून हाय माझी. हात बघा." मी तेव्हा पावडर लावणं सोडलं होतं, पण मान चांगलीच वर करून चालायला लागले होते.

आत्याबाई गेल्या तेव्हा शेजारच्या गावची एक म्हातारी बसायला आली. रीतीपुरतं रडली, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "ती हाताची सून कंची?" मी हात पुढं केला. तिनं उलटासुलटा करून बघितला.

"एवढासाच हाय की गं. तुझी सासू तर लई सांगायची."

"एवढासा हाय म्हणूनच जातो, मावशी."

मग तिनं खरं काय ते सांगितलं. तिची शेळी सकाळपासून अडली होती. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, सुतकात दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये. माझ्या तोंडून पटकन गेलं, "गोठ्याला कुठं दार असतंय?"

सुमननं तेलाची वाटी आणून माझ्या हातात दिली. म्हातारीला पुढं घालून मी निघाले.