खुर्च्या मांडणारे काका

आमच्या वाचनालयात दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जिल्ह्याच्या इतिहासावर व्याख्यान असतं. तिथले शिपाईकाका खुर्च्या मुद्दाम कमी मांडतात. माणूस आलं की आतून एकेक आणतात. "मोकळी खुर्ची बोलणाऱ्याला लय टोचते," म्हणतात. स्वतः मात्र कायम दाराशी उभे.

परवा सायखेड्याचे एक म्हातारे गुरुजी गोदेच्या पुरांवर बोलायला आले. ऐकायला मी एकटाच. काकांनी दोनच खुर्च्या मांडल्या आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. थोड्या वेळाने डबा घेऊन एक बाई आल्या. काकांनी उठून आपलीच खुर्ची त्यांना दिली. आतून दुसरी आणली नाही.

निघताना गुरुजी संकोचून म्हणाले, "तुम्ही उभेच राहिलात."

"काय करणार, गुरुजी? आज खुर्च्या कमी पडल्या."